किलोभर काचेला एक घागर

नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून मी लागलो, तेव्हा माझे सासरे पाहुण्यांना 'जावई आरोग्य खात्यात आहेत' एवढंच सांगायचे. गावानं मात्र पहिल्याच आठवड्यात मला 'कचरेसाहेब' करून टाकलं. माझं खरं आडनाव घेऊन कुणी पत्ता विचारत आला, की लोक त्याला सांगायचे, "असला कुणी न्हाई हितं."

गाव कर्जतच्या पलीकडं, नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची पोरंबाळं अजून तिथं आहेत.

कामाचं म्हणाल तर सोपं होतं. सकाळी बैलगाड्या आळीआळीनं फिरायच्या, कचरा गावाबाहेरच्या डेपोवर जायचा, तिथं लांबट खड्ड्यांत कचऱ्याचा थर, वर मैल्याचा थर, वर माती, असं करून सहा महिन्यांनी खत निघायचं. ते उसाला फार चालायचं. कोपरगावकडचे बागाईतदार ट्रक घेऊन येत. माझं काम देखरेखीचं, आणि खरं काम दगडू मुकादमाचं. दगडू माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता. उकिरड्यावर नजर टाकून तो सांगायचा, ह्या घरात पाहुणा आलाय, त्या घरात कुणीतरी आजारी आहे, पलीकडच्या घरात दोन दिवस चूल पेटलेली नाही. चिंचोके, कांद्याची सालं, राखेचा रंग, एवढ्यावरून सांगायचा, आणि क्वचितच चुकायचा.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि त्र्याहत्तर उजाडेपर्यंत गावातला कचरा संपला. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. भाजी नाही, तर देठं कुठून येणार? रेशनवरच्या लाल मिलोला, म्हणजे त्या अमेरिकन ज्वारीला, कोंडाही फार नसायचा. गाड्या निम्म्या रिकाम्या परत यायच्या आणि त्यात नुसती राख असायची. निम्मं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला, काही घरं कुलपं लावून गेलेली. गावाला पाणी टँकरनं यायचं, घरटी दोन घागरी, तेही दिवसाआड.

आमचे मुख्याधिकारी तरुण होते, शिकलेले, हुशार. त्यांना वाटलं, खत नाही तर निदान काच, हाडं, चिंध्या, पत्रा असं वेगळं करून विकावं. नगरचा एक व्यापारी ट्रक पाठवायला तयार होता.

"लोक वेगळं करून देतील का?" मी विचारलं.

"फुकट कोण देईल? काहीतरी द्यावं लागेल. पैसे आपल्याकडं नाहीत. पाणी आहे."

योजना अशी ठरली. कचरा निवडून डेपोवर आणायचा, वजनाप्रमाणं पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, बिल्ला दाखवला की टँकरवर एक घागर जादा. दर ठरवायला त्यांनी मला सांगितलं. चिंध्या पाच किलोला एक बिल्ला, हाडं चार किलोला, काच एक किलोला. काचेला व्यापारी भाव चांगला देत होता, म्हणून मी तो दर चढा ठेवला. तो आकडा माझ्या हातचा आहे. पुढं जे झालं त्यात तो विसरता येत नाही.

पहिले पंधरा दिवस मला फार अभिमान वाटला. ज्या लोकांना गेली चार वर्षं 'गटारात राख टाकू नका' म्हणून घसा कोरडा करून सांगत होतो, ते आता चार पोत्यांत चार जिनसा निवडून रांगेत उभे राहत होते. उकिरड्यांतून वर्षानुवर्षांच्या बाटल्या निघाल्या. ओढ्याकाठची मेलेल्या जनावरांची हाडं उचलली गेली. गाव इतकं स्वच्छ मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. सरकारनं घरच्या कचऱ्याला मोल द्यावं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी टेबलावर मूठ आपटून 'द्यावं' म्हटलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात उकिरडे संपले आणि पोती मात्र वाढायला लागली.

आधी कंदिलांच्या काचा आल्या. मग कुलूपबंद घरांच्या खिडक्यांची तावदानं. कोण आणत होतं ते कळत होतं आणि कुणी विचारत नव्हतं. दुपारचा वारा त्या उघड्या खिडक्यांतून शिरायचा आणि दुसऱ्या बाजूनं निघायचा. रिकाम्या आळीतून चालताना बंद घरांमध्ये कुणीतरी हलक्या आवाजात हुंकार भरतंय असं वाटायचं. मग आरसे आले. न्हाव्यानं आपला मोठा आरसा आणला तेव्हा मी म्हटलं, "अरे, धंदा कसा करणार?" तो म्हणाला, "गिऱ्हाइकाला हात फिरवून बघाया सांगतो, साहेब. पानी नसलं तर दाढी तरी कशानं करू?"

महिन्याभरात गावात स्वतःचं तोंड पाहायची सोय उरली नाही. ओट्यावर बायका समोरासमोर बसून एकमेकींना कुंकू लावताना दिसायच्या. मी कामासाठी नगरला गेलो होतो, तिथं हॉटेलात शिरताना एक काळाठिक्कर, खोल डोळ्यांचा माणूस माझ्याकडं बघत पुढं आला. मी वाट द्यायला बाजूला झालो, तोही झाला. तो आरसा होता.

घरातला कचरा संपला की घरच कचऱ्यात यायला लागतं, हे मला कळायला लागलं होतं. पण ट्रक भरत होते आणि मुख्याधिकाऱ्यांना वरून शाबासकीचं पत्र आलं होतं. मी वजन करत राहिलो.

हुसेनचाचा मण्यार पहिल्यांदा आले ते एका मंगळवारी. गावातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरणारा हा एकच माणूस. पाटलांच्या माडीवर जायचे तसेच आमच्या सफाई कामगारांच्या वस्तीतही जायचे, चटईवर बसून तितक्याच मायेनं हात हातात घ्यायचे. त्यांनी पोतं तराजूवर ठेवलं. आत हिरव्या बांगड्यांचे तुकडे. चार किलो भरले.

चाचा बिल्ले घेऊन गेल्यावर दगडूनं एक तुकडा उचलून बोटांत फिरवला. "साहेब, ह्या भरलेल्या न्हाईत. आतल्या अंगाला घासलेलं न्हाई. मळ न्हाई. कोऱ्या हायेत."

मला ते पोत्यात पाहतानाच दिसलं होतं. किलोभर काच व्हायला दहा-बारा डझन बांगड्या लागतात. मी म्हटलं, "आपल्याला काचेशी मतलब." आणि वहीत वजन लिहिलं.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही.

आमच्याकडं बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. वाढवली म्हणतात. हातभर बांगड्या एकदम वाढवायचा आवाज बाईच्या आयुष्यात एकदा येतो आणि तो ऐकू येऊ नये म्हणून ती देवापुढं रोज हात जोडते. मण्यार आळीत तो आवाज आता रोज भरदुपारी यायला लागला. ऊन डोक्यावर, आळीत चिटपाखरू नाही, आणि चाचांच्या बंद दारामागून आधी पुटपुटणं, मग काच वाढवल्याचा बारीक आवाज. थोडा वेळ शांत. पुन्हा पुटपुटणं, पुन्हा तो आवाज. बायका हातातलं काम सोडून भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

त्यातच खडीच्या कामावर नामदेव शिंपी उन्हानं कोसळला आणि तिथंच गेला. आठवड्यानं आणखी एक जण हगवणीनं गेला. दोन्ही वेळा भरदुपारी. बायकांनी सांगड घातली. कुणीतरी दाराला कान लावून आली आणि तिनं सांगितलं, की म्हातारा नावं घेतो. एका बाईचं नाव घेतो आणि मग फोडतो. शिंप्याच्या बायकोचं नाव आपण ऐकलं, अशी शपथ घेणाऱ्या तिघी निघाल्या. चाचांनी करणी मांडलीय, असं गावात बोललं जाऊ लागलं. म्हाताऱ्याला गावाबाहेर काढायचं, असंही काही जण म्हणायला लागले.

एके दिवशी दगडूची बायको यमुना डेपोवर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती तिथंच काच निवडायच्या कामावर होती. कमी बोलणारी बाई. तिनं मूठ उघडली. तळहातावर तांबड्या-पिवळ्या दोऱ्याचं एक कडं होतं, मध्ये गाठ मारलेलं.

"हे काचेत घावलं," ती म्हणाली. "माझ्या हाताचं माप हाय. भावाच्या लग्नाला भरायच्या म्हनून चाचांकडं बांगड्या सांगून ठिवल्या हुत्या. लगीन ऱ्हायलं. चाचांनी मुठीला दोरा गुंडाळून माप घेतल्यालं. ह्योच दोरा."

"मग?"

"मग माझ्या बी वाढवल्या की, साहेब." ती हे अगदी सपाट आवाजात बोलली. "आन् बेस्तरवारी तुमी ह्यांस्नी आडात उतरवताय."

ते खरं होतं. गावात एक जुना, बुजत आलेला आड होता. त्यातला गाळ काढून पाणी लागतं का पाहायचं ठरलं होतं. एरवी ज्या आडाच्या काठाला दगडूला हात लावू दिला नसता, त्याच्या तळाशी उतरायला मात्र तोच हवा होता.

मी विज्ञानाचा माणूस. यमुनेला म्हटलं, असलं काही नसतं. ती दोरा परत मुठीत घेऊन कामाला गेली. मी मात्र त्याच दुपारी मण्यार आळीत गेलो.

दार लोटलेलं होतं. आत अंधार आणि गारवा. भिंतीशी बाजेवर चाचांची बायको पडलेली, तापानं फणफणलेली, कपाळावर ओलं फडकं. जमिनीवर चाचा बसले होते. समोर गोधडीची घडी, तिच्यात बांगड्यांची एक माळ, हातात वरवंटा. मला पाहून त्यांनी वरवंटा खाली ठेवला.

"आवाज जातो काय साहेब भाईर?" त्यांनी विचारलं. "म्हनून गोधडीत घेतो. तरी जातो."

"चाचा, तुम्ही नावं घेता म्हणतात."

"व्हय. घेतो." त्यांनी माळेचा दोरा सोडवून मला दाखवला. "ही घोडक्यांच्या धाकल्या सुनेची. हिचं माप लई बारीक. चाळीस वर्सं ह्या गावच्या लेकींचे हात धरले. तिच्या नावानं ठिवलेली चीज मोडायची, तर तिला सांगाया नको? नाव घेतो, 'बेटी, माफ कर' म्हनतो, आन् मग मोडतो. न सांगता मोडलं तर चोरी झाली."

 बाजेवरची बाई काहीतरी पुटपुटली. चाचांनी उठून फडकं घागरीत बुडवून पिळलं आणि पुन्हा तिच्या कपाळावर ठेवलं. घागरीत तळाला चार बोटं पाणी होतं.

"डॉक्टर म्हन्ले, अंग सारखं पुसा. दोन घागरीत माझं कसं भागायचं? बांगड्या तर कुनी भरत न्हाई. लगनं न्हाईत. तुमच्या हितं किलोला घागर मिळती. कोरी काच चालत न्हाई असं असंल तर सांगा."

"चालते," मी म्हणालो. नियमात कोरी की जुनी असं काही नव्हतं. नियम मीच लिहिला होता. मग मी म्हटलं, "चाचा, हे थांबवा. मी माझ्यातली घागर पाठवतो. लोक भलतंच बोलतायत."

"ठीक हाय." ते लगेच म्हणाले, जणू कुणीतरी थांबवायची ते वाटच पाहत होते. 

"दगडू मुकादमाच्या बायकोच्या बांगड्यांतल्या काही उरल्या असतील तर तेवढ्या द्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "यमुनाच्या परवा मोडल्या. तिची दोनदा माफी मागितली. तिच्या एक डझन जादा हुत्या, म्हनून."

गुरुवारी सकाळी आडाभोवती गाव गोळा झालं. मुख्याधिकारी आले. दगडूनं कमरेला दोर बांधला. यमुना जरा लांब, एका पडक्या भिंतीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. नुसती बघत होती, आणि तिच्याकडं माझ्यानं पाहवत नव्हतं.

जुन्या आडात उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचा असतो. तळाशी वाईट हवा साठलेली असली तर ज्योत विझते. हे कुठलाही विहीरवाला सांगेल. मी शिपायाला पालिकेचे कंदील आणायला सांगितले. त्यानं दोन आणले. दोन्हींना काच नव्हती.

"काच?"

शिपाई खाली बघायला लागला. बिल्ल्यासाठी त्यानंच आणून दिल्या होत्या. मीच वजन केलं असणार.

"कुणाच्या घरून आणा," मी म्हटलं. चार जण चार दिशांना गेले. एकेक करून परत आले. गावात काचेचा कंदील राहिला नव्हता. मी स्वतः तीन आळ्या फिरलो. प्रत्येक घरात खुंटीला कंदील टांगलेला, प्रत्येकाला काचेच्या जागी नुसत्या तारा. लोक दारात उभं राहून मान हलवत होते.  मला एकदम सगळ्या गावाचे डोळे काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि ते ट्रकमध्ये मीच भरून दिले होते.

उघडी पणती सोडून पाहिली. आडाच्या तोंडाशीच वारा घोंघावत होता, पणती हातभर खाली जाताच विझली. तीनदा सोडली, तीनदा विझली.

"वाऱ्यानं इझती, साहेब," दगडू म्हणाला. "हवा चांगलीच असंल. उतरतो मी."

"थांब."

मुख्याधिकारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अहो, बायकांच्या करणीच्या गोष्टी तुमच्याही डोक्यात शिरल्या की काय? लोक पाण्यासाठी ताटकळलेत."

खरं सांगायचं तर शिरल्या होत्या. मला कानांत सारखं ते पुटपुटणं ऐकू येत होतं. पणतीनं काहीच सिद्ध होत नाही, हे मला शास्त्रानं माहीत होतं. पण मी थांबलो तो शास्त्रामुळं नाही, यमुनेच्या तळहातावरच्या त्या दोऱ्यामुळं. मी आडाच्या काठावर, दगडू जिथून उतरणार होता तिथंच बसलो. म्हटलं, "कंदील आल्याशिवाय कुणी उतरणार नाही. हवं तर मला मेमो द्या."

ऊन चढलं. लोक वैतागून बोलत होते, काही निघून गेले. तीनच्या सुमाराला टँकर आला. त्याचा ड्रायव्हर नगरचा, गाडीत स्वतःचा कंदील ठेवायचा. काच धड होती, जरा काजळलेली. कंदील पेटवून दोराला बांधला आणि दगडूनंच हळूहळू खाली सोडला.

काचेच्या आत ज्योत स्थिर होती. पाच हात, सहा हात. आठ हातांवर ती लहान झाली. जरा निळी पडली. आणि मग काहीही न हलता, जणू कुणी दोन बोटांत धरली, तशी गेली.

दगडूनं कंदील वर ओढला. काच जशीच्या तशी होती. त्यानं पुन्हा पेटवून पुन्हा सोडला. आठ हातांवर पुन्हा तेच.  दगडूनं कंदील खाली ठेवला, कमरेच्या दोराची गाठ सोडायला लागला, पण ती सुटेना. शेवटी यमुनेनं येऊन सोडली.

पुढं लिंबाच्या फांद्या दोराला बांधून दोन दिवस आडातली हवा ढवळली, तेव्हा कुठं कंदील तळापर्यंत जळत गेला. पाणी लागलं, पण गढूळ आणि थोडंच.

मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवलं, की काचेचा दर बंद करावा. ते चिडले नाहीत. आडाच्या काठावर ते स्वतः होते. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "कल्पना वाईट नव्हती हो." मलाही तेच वाटतं. लोकांनी कचरा निवडावा म्हणून सरकारनं काही द्यावं, याला माझा आजही विरोध नाही. पण ज्याच्याकडं दुसरं काहीच नाही, त्याला पाण्यासारखी गोष्ट वजनावर देऊ नये. आणि तराजूपाशी बसलेल्या माणसाला पोत्यात काय आहे ते दिसलं, तर त्यानं बोलावं. मला पहिल्या मंगळवारी दिसलं होतं.

मण्यार आळीतला आवाज थांबला, बायकांचं भय मात्र थांबलं नाही. दगडू वाचला हे त्यांना आणखीच विपरीत वाटलं, कारण मग ती करणी कुणावर तरी फिरणार, असं त्या म्हणायच्या. चाचांच्या दारावरून कुणी जाईना. मी टँकरच्या दर दिवशी माझ्यातली एक घागर पाठवत होतो. पंधरा दिवसांनी सकाळी निरोप आला, चाचांची बायको गेली.

मी पोहोचलो तेव्हा दोन म्हाताऱ्या मुसलमान बायका आत होत्या. मयताला आंघोळ घालायची होती आणि घरात पाणी नव्हतं. टँकरचा तो दिवस नव्हता. मी माझ्या घरची घागर आणायला वळलो, तर आळीच्या तोंडाशी यमुना येताना दिसली. डोक्यावर घागर, पदर पुढं ओढलेला. तिच्या मागं शिंप्याची विधवा. तिच्या मागं घोडक्यांची धाकटी सून. मग आणखी. एकीनंही दुसरीला बोलावलेलं दिसत नव्हतं. 

दार अर्धं लोटलेलं होतं. त्या आत गेल्या नाहीत. एकेक जण उंबऱ्याशी वाकून घागर आत सारायची आणि मागं सरायची. आत बसलेल्या चाचांना चेहरे दिसत नव्हते. उंबऱ्यातून आत येणारे हात तेवढे दिसत होते, त्यांतले कितीतरी मोकळे. आणि दाराआडून चाचांचा आवाज येत होता, हळू, पण चुकत नव्हता.

"यमुना." घागर टेकल्याचा आवाज. "सरस्वती." पुन्हा घागर. "घोडक्यांची शांता."

आपलं नाव ऐकून प्रत्येकीचा हात क्षणभर थबकायचा. पण एकीनंही तो मागं घेतला नाही.

चौदा घागरी झाल्या. आंघोळीला सहा पुरल्या. दफन करून आल्यावर चाचांनी उरलेल्या घागरी उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि म्हटलं, "बाकीचं ज्याचं त्याला नेऊन द्या." पण मयताच्या दारचं पाणी कोण परत नेणार? आठ भरल्या घागरी त्या दुष्काळात तीन दिवस उन्हात उंबऱ्याशी उभ्या होत्या, आणि ज्या गावात एका घागरीसाठी डोकी फुटत, त्या गावात एकानंही त्यांत हात घातला नाही. तिसऱ्या दिवशी चाचांनी सोनईला लेकाकडं जायच्या आधी त्या एकेक करून अंगणातल्या मातीत ओतल्या. मी आणि दगडू बघत उभे होतो. गावात एवढं पाणी मातीत गेलेलं मी त्या सबंध वर्षात तेवढंच पाहिलं, आणि ते वाया गेलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.